एका अक्षराची भुरळ

१९५७ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काही ससे निपचित पडले होते. कान लोंबलेले, अंगात हालचाल नाही. त्यांना रेसर्पीन नावाचं औषध टोचलेलं होतं. अर्विद कार्लसन आणि त्याचे सहकारी मार्गिट लिंडक्विस्ट व टोर मॅग्नसन यांनी त्या सशांना डोपा हे दुसरं रसायन टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. त्यांना कोणी शक्ती दिली नव्हती, कारण शक्ती त्यांच्या स्नायूंत आधीपासून होतीच. हलावंसं वाटणं तेवढं नाहीसं झालं होतं आणि ते परत आलं होतं.

या प्रयोगाचा एक धागा मुंबईपर्यंत जातो. रेसर्पीन सर्पगंधेच्या मुळातून काढलेलं. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाबावर आणि वेडाच्या झटक्यांवर चालते असं लिहून ठेवलं होतं, पण ते भारताबाहेर फारसं कोणी वाचलं नाही. जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरल्याचा अनुभव मांडला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतलं रेसर्पीन वेगळं केलं आणि ते जगभर रक्तदाबाच्या व मानसिक आजारांच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं. लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्ण या औषधाने मंद होतात, उदास होतात, काहींचे हात पार्किन्सनच्या रुग्णासारखे थरथरतात. मेंदूतलं काहीतरी रिकामं होत होतं. वकिलांना १९५७ सालीच अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाच्या इतिहासात मात्र त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. मला ते घ्यावंसं वाटतं, कारण लुंडच्या सशांना निपचित पाडणारं औषध जगासमोर आलं ते त्यांच्या लेखामुळे.

रिकामं होणारं रसायन कोणतं, हा कार्लसनचा प्रश्न होता. तोवर डोपामाइनला स्वतंत्र किंमत नव्हती. शरीर डोपापासून नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवतं आणि त्या वाटेवरचा एक टप्पा म्हणजे डोपामाइन, एवढीच समजूत. ते मेंदूत असतं हे त्याच वर्षी इंग्लंडमधल्या रनवेल रुग्णालयात कॅथलीन माँटेग्यू यांनी दाखवलं होतं. त्यांचंही नाव मागे पडलं. कार्लसनने डोपा दिलेल्या जनावरांचे मेंदू तपासले, तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनलिन भरून आलेलं नव्हतं. भरून आलं होतं ते डोपामाइन. १९६० साली लंडनच्या एका परिषदेत त्याने हे मांडलं, तर सर हेन्री डेलसारख्या नोबेल मिळालेल्या ज्येष्ठांचासुद्धा विश्वास बसेना. त्याच वर्षी व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी पार्किन्सनने मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामाइन जवळजवळ संपलेलं आढळलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना डोपाची इंजेक्शनं मिळाली आणि त्यांतले काही उठून चालले. कार्लसनला नोबेल मिळायला २००० साल उजाडावं लागलं.

इथपर्यंतची कथा पक्की आहे. साठ वर्षांत तिच्या पायाचा एक दगडही हललेला नाही. पुढे जे घडलं ते समजायचं तर हा पक्केपणा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या मोहाला त्याचाच आधार होता.

दुसरा धागा अमेरिकेतला. ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड हा न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला मुलगा. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, प्रयोगशाळेतल्या अपघातात एक डोळा गेला, वर्षानुवर्षं साधा तंत्रज्ञ म्हणून काम केलं आणि चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेट मिळवली. सशांच्या त्या वर्षातच, म्हणजे १९५७ मध्ये, बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्याने उंदराच्या यकृतातून एक नवं एन्झाइम शोधलं. ते अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातल्या रसायनांना एक मिथाइल गट चिकटवतं आणि त्यांना निकामी करतं. त्याचं लांबलचक नाव आखडून सगळे त्याला सीओएमटी म्हणतात. पुढे अ‍ॅक्सेलरॉडनेच दाखवलं की चेतापेशी सोडलेलं रसायन बहुतेक वेळा स्वतःच परत शोषून घेतात. या शोधासाठी त्याला १९७० साली नोबेल मिळालं, आणि सीओएमटी दुय्यम ठरलं. मेंदूत साफसफाईचं मुख्य काम शोषणाचं, एन्झाइमचं काम किरकोळ, असं पाठ्यपुस्तकांत आलं.

अ‍ॅक्सेलरॉडच्या हाताखाली शिकलेले रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी मात्र हे एन्झाइम सोडलं नाही. मेयो क्लिनिकमध्ये त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींत त्याची ताकद मोजली. काही माणसांत ती बरीच कमी निघाली आणि हे कमी असणं घराण्यात चालत होतं. नव्वदीच्या दशकात त्याचं कारण सापडलं. सीओएमटीच्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदलतं, त्यामुळे एन्झाइमच्या साखळीत १५८व्या जागी व्हॅलीनऐवजी मेथिओनीन बसतं. मेथिओनीनचं एन्झाइम शरीराच्या तापमानाला कमी टिकतं. सुरुवातीच्या मोजमापांत त्याची ताकद दुसऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ही दोन्ही रूपं जवळजवळ निम्मी-निम्मी आढळतात. म्हणजे हा दुर्मीळ आजाराचा दोष नव्हता. शेजारीपाजारी, भावाबहिणींत आढळणारा नेहमीचा फरक होता.

तिसरा धागा माकडांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. १९७९ साली पॅट्रिशिया गोल्डमन (पुढे गोल्डमन-राकिच) आणि टॉमस ब्रोझोस्की यांच्या गटाने माकडांच्या कपाळामागच्या मेंदूतलं, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधलं, डोपामाइन तेवढं नष्ट केलं. मग माकडांना एक साधं काम दिलं. दोन खळग्यांपैकी एकात खाऊ लपवलेला. मागच्या वेळी डावीकडे मिळाला तर आता उजवीकडे हात घालायचा. मध्ये काही सेकंद पडदा. ती माकडं मागच्या वेळी काय झालं ते ध्यानात धरू शकेनात. मेंदूचा तेवढा भाग कापून काढावा तसा परिणाम झाला आणि डोपासारखं औषध दिल्यावर तो भरूनही निघाला. मनात एखादी गोष्ट धरून ठेवणं, मोहाचा हात आवरणं, नियम बदलला की आपणही बदलणं, ज्याला मानसशास्त्रज्ञ विचारांवरचा ताबा म्हणतात, त्याला डोपामाइन लागतं हे तिथे दिसलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ते कमी पडून चालत नाही, तसं फार होऊनही चालत नाही. तंबोऱ्याची तार ढिली पडली तरी बेसूर आणि जास्त ताणली तरी बेसूर, तसं हे.

आता हे तिन्ही धागे एकत्र विणले गेले. शोषून घेणारं यंत्र प्रीफ्रंटल भागात फार विरळ असतं. म्हणजे मेंदूच्या बाकीच्या भागांत किरकोळ असलेलं सीओएमटी नेमकं इथे महत्त्वाचं. ज्याचं एन्झाइम जोरकस, त्याच्या कपाळामागे डोपामाइन लवकर संपणार. ज्याचं मंद, त्याच्याकडे ते रेंगाळणार. मग जनुकातल्या त्या एका अक्षरावरून माणसाचा विचारांवरचा ताबा ओळखता येईल का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॅनियल वाइनबर्गर यांच्या गटाने हा प्रश्न विचारला. २००१च्या फेब्रुवारीत मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा छापून आला होता आणि जूनमध्ये या गटाचा निबंध आला. स्किझोफ्रेनियाचे १७५ रुग्ण, त्यांची २१९ निरोगी भावंडं आणि ५५ इतर माणसं. त्यांना विस्कॉन्सिन पत्त्यांची चाचणी दिली होती. ही चाचणी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९४८ साली तयार झालेली. पत्त्यांवर निरनिराळ्या आकृत्या, रंग आणि संख्या असतात. कशाच्या आधारे जोडी लावायची हे कोणी सांगत नाही, फक्त बरोबर की चूक एवढंच कळतं. माणूस नियम ओळखतो आणि सलग दहा वेळा बरोबर आला की परीक्षक न सांगता नियम बदलतो. जुन्याच नियमाला चिकटून किती चुका होतात ते मोजायचं. मंद एन्झाइमवाल्यांच्या अशा चुका कमी निघाल्या. माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे ४ टक्के फरक त्या एका अक्षराने समजावता येत होता.

४ टक्के हा आकडा कोणाला लहान वाटेल, पण एका अक्षरासाठी तो प्रचंड होता. दोन वर्षांनी त्याच संस्थेतून आणखी एक निबंध आला. अ‍ॅम्फेटामाइन दिल्यावर जोरकस एन्झाइमवाल्यांचा मेंदू जास्त नेटकं काम करू लागला आणि मंद एन्झाइमवाल्यांची कामगिरी कठीण कामात ढासळली. माकडांत दिसलेला कमी-जास्तीचा नियम माणसांत एका अक्षराने उतरला होता. ते निबंध आजही वाचताना त्या काळचा आनंद मला समजतो. अशी जुळणी पाहून कोणाचा विश्वास बसणार नाही? अणूपासून माकडापर्यंत आणि तिथून पत्त्यांच्या डावापर्यंत अखंड साखळी दिसत होती.

प्रेरणेच्या, म्हणजे सशांतल्या त्या हलावंसं वाटण्याच्या, बाजूने वेगळी वाट चालली होती, आणि तिची सुरुवात जास्त वादळी होती. १९९० साली केनेथ ब्लम आणि अर्नेस्ट नोबल यांनी मेलेल्या ७० माणसांचे मेंदू तपासले. त्यांत ३५ दारुडे, ३५ नसलेले. डोपामाइन टिपणाऱ्या डी-२ रिसेप्टरच्या जनुकाजवळची ‘ए-१’ ही खूण दारुड्यांपैकी ६९ टक्क्यांत आणि इतरांपैकी फक्त २० टक्क्यांत निघाली. व्यसनाचं जनुक सापडल्याचा गाजावाजा झाला. वर्ष संपायच्या आत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या दुसऱ्या एका गटाने स्वतंत्र रुग्णांत ती खूण शोधली, पण त्यांना तसा संबंध दिसला नाही. तरी ती खूण टिकून राहिली. काही स्कॅनमध्ये ए-१वाल्यांचे डी-२ रिसेप्टर कमी दिसले, काहींत नाही. २००४ मध्ये कळलं की ती खूण डी-२च्या जनुकात नाहीच, सुमारे दहा हजार अक्षरं पुढे शेजारच्या एएनकेके-१ या जनुकात आहे. तोवर चौदा वर्षं लोक तिला डी-२चीच म्हणत आले होते.

इकडे प्रेरणेचं शास्त्र मात्र जनावरांवर भक्कम होत गेलं. कनेटिकटमध्ये जॉन सलामोनी यांनी उंदरांपुढे दोन वाटा ठेवल्या. एकीकडे सहज मिळणारे थोडे दाणे, दुसरीकडे अडथळा चढून गेल्यावर भरपूर दाणे. साधा उंदीर अडथळा चढतो. डोपामाइन कमी केलेला उंदीर थोड्या दाण्यांकडे जातो. अडथळा नसेल तर तोही भरपूर दाण्यांकडेच जातो, म्हणजे त्याची भूक गेलेली नसते. कष्ट घ्यावेत की नाही, हा हिशोब बदललेला असतो. २००४ साली मायकेल फ्रँक यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना अनोळखी जपानी अक्षरांच्या जोड्यांतून एक निवडायला लावलं. औषध घेतलेले रुग्ण ‘बरोबर’मधून जास्त शिकले, औषध न घेतलेले ‘चूक’मधून. आपण चुकांतून शिकतो की यशातून, हेसुद्धा या रसायनाच्या चढउताराशी बांधलेलं असू शकतं, ही कल्पना मला आजही अंगावर काटा आणणारी वाटते.

पुढची उडी स्वाभाविक होती. २००७ साली जर्मनीतल्या टिलमान क्लाइन यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये लिहिलं की ए-१ खूण असलेली माणसं चुकांतून कमी शिकतात. त्यांनी तपासले होते २६ पुरुष. त्याच वर्षी फ्रँक यांनी ६९ जणांत तीन जनुकं एकदम तपासली आणि प्रत्येकाला शिकण्याचा एकेक वेगळा पैलू नेमून दिला. या निबंधांत चातुर्य आहे आणि फसवणूक कुठेही नाही. माणसं फार थोडी होती.

थोड्या माणसांत नेमकं काय बिघडतं ते सांगायला हवं, कारण या काळाचं सगळं रहस्य त्यात आहे. समजा एखाद्या अक्षराचा खरा परिणाम अगदी बारीक आहे. २६ किंवा ६९ माणसांत तो दिसूच शकत नाही. दिसलाच, तर योगायोगाने फुगलेला म्हणूनच दिसतो. ज्यांना काही दिसलं नाही त्यांचे निबंध खणात पडून राहतात, ज्यांना फुगलेला आकडा मिळाला त्यांचे छापून येतात. शिवाय एकेका चाचणीत मोजायला दहा गोष्टी असतात. मंद, मध्यम, जोरकस असे तीन गट हवे तसे एकत्र करता येतात. बायका-पुरुष वेगळे करता येतात. कुठेतरी काहीतरी जुळतंच. रक्ताचे नमुने तर प्रत्येक प्रयोगशाळेत साठवलेले होते आणि एक अक्षर वाचणं स्वस्त झालं होतं. दशकभरात सीओएमटीवर शेकडो निबंध निघाले. लढवय्या आणि काळजीखोर अशी माणसांची विभागणी त्या एका अक्षरावरून व्हायला लागली.

हिशोब तपासायला बसले ते ब्रिटनमधले जेनिफर बार्नेट, मार्कस मुनाफो आणि सहकारी. २००८ साली त्यांनी सीओएमटी आणि विचारशक्ती यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर त्या अक्षराचा परिणाम जवळजवळ विरून गेला. वाइनबर्गर यांच्या बाजूचं एक म्हणणं ऐकण्यासारखं होतं. जनुक थेट वागणूक घडवत नाही, मेंदू घडवतं; म्हणून मेंदूच्या जवळ मोजाल तितका परिणाम मोठा दिसेल, असं ते मांडत. तर्क म्हणून ते पटतं. पण जोनाथन फ्लिंट आणि मुनाफो यांनी आकडे ताडून पाहिले तेव्हा मेंदूजवळच्या मोजमापांतही परिणाम फारसा मोठा नव्हता.

२०१२ साली ख्रिस्तोफर शाब्री आणि सहकाऱ्यांनी बुद्धिमत्तेशी जोडल्या गेलेल्या जनुकांतल्या बारा जागा घेतल्या आणि जवळजवळ दहा हजार माणसांत पडताळल्या. ३२ पडताळण्यांतली एकच, तीही काठावर, उतरली. त्याच वर्षी ‘बिहेव्हियर जेनेटिक्स’चे संपादक जॉन ह्यूइट यांनी जाहीर केलं की असे एकेका जनुकाचे निबंध यापुढे मोठा नमुना आणि स्वतंत्र पडताळणी असल्याखेरीज छापणार नाही. पुढच्या वर्षी सव्वा लाखाहून अधिक माणसांचा शिक्षणावरचा अभ्यास आला. त्यातल्या सगळ्यांत प्रभावी अक्षराने माणसामाणसांतल्या फरकातला ०.०२ टक्का समजावला. पत्त्यांचा डाव आणि शाळेतली वर्षं ही दोन वेगळी मापं आहेत हे मान्य, तरी ४ टक्क्यांच्या शेजारी हा आकडा ठेवला की दहा वर्षं कशाचा पाठलाग चालला होता ते कळतं.

२०१४च्या जुलैमध्ये ‘नेचर’मध्ये स्किझोफ्रेनियाचा तोवरचा सर्वांत मोठा अभ्यास छापून आला. ३६,९८९ रुग्ण, १,१३,०७५ निरोगी माणसं आणि या आजाराशी संबंध दाखवणाऱ्या जनुकसंचातल्या १०८ जागा. त्या यादीत सीओएमटी नव्हतं. डी-२ रिसेप्टरचं जनुक मात्र होतं. मला या निकालात मोठं समाधान वाटतं. स्किझोफ्रेनियावरची बहुतेक औषधं ज्या रिसेप्टरला अडवतात, तो कोणीही आधी बोट न दाखवता आकड्यांतून आपोआप वर आला. कार्लसनचं डोपामाइन चुकीचं ठरलं नव्हतं. चुकीचा ठरला होता तो, एवढ्या खोल यंत्रणेचा कारभार एका अक्षराच्या हाती असेल हा विश्वास.

ह्यूइट यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. एकेका जनुकाच्या निबंधांना दार बंद करणारा हा माणूस आनुवंशिकता नाकारणारा नव्हता. कोलोराडोत २००८ साली नाओमी फ्रीडमन, अकिरा मियाके आणि ह्यूइट यांच्या गटाने जुळ्यांचा अभ्यास केला होता. विचारांवरच्या ताब्याच्या निरनिराळ्या चाचण्यांत जे समान असतं, त्यातला माणसामाणसांमधला फरक जवळजवळ पूर्णपणे, ९९ टक्के, आनुवंशिक असल्याचा त्यांचा अंदाज निघाला. हा अंदाज एका गटातल्या फरकांविषयी आहे; एखाद्या मुलाचा ताबा वाढवता येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. पण गुण घराण्यात चालतो आणि तरी एकही मोठं जनुक हाती लागत नाही, ही दोन्ही सत्यं त्या एकाच गटाने पाहिली.

जुळ्यांचा तो अभ्यास करणाऱ्या फ्रीडमन यांनी अलेक्झांडर हाटूम आणि इतरांसह हाच प्रश्न पुन्हा घेतला, या वेळी ब्रिटनच्या जैवसंग्रहातल्या ४,२७,०३७ माणसांवर. विचारांवरच्या ताब्याशी संबंध असलेली १२९ अक्षरं मिळाली, प्रत्येकाचा वाटा कणभर. त्यांनी बोट दाखवलं ते मुख्यतः जलद संदेश पोचवणाऱ्या यंत्रणेकडे, विशेषतः गाबा या रसायनाकडे. डोपामाइन पुढे आलं नाही. हा निबंध २०२३ साली छापून आला. त्यातली माणसं युरोपीय वंशाची आहेत. भारतातही अशा चाचण्या विकल्या जातात ज्या लाळेच्या नमुन्यावरून मुलाची जिद्द आणि एकाग्रता सांगतो म्हणतात. त्यांच्या अहवालात सीओएमटीचं १५८वं स्थान दिसलं, तर पुण्या-नागपूरच्या आईबापांना हे कळायला हवं की त्या ओळीमागे २००१च्या सुमाराचे छोटे निबंध आहेत, आणि त्यांनंतर झालेल्या मोठ्या मोजणीत ते अक्षर टिकलेलं नाही.